गिअर ऑइल : दीड तासाचं काम

शनिवार, २४ एप्रिल २००४

दुसरा गिअर आजही किंचाळला. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला, मागे पीएमटीची बस हॉर्न मारतेय. गाडी बायको, चैताली, चालवत होती. तिचं म्हणणं, क्लच पूर्ण खाली जात नाही, पायाखाली काहीतरी अडतं. सहा महिने झाले शिकतेय, आणि अजून दोष क्लचचा! मी शांतपणे समजावून सांगितलं. दोन रिक्षावाले वळून बघत होते, पण ते कोणाकडेही बघतात.

निदान : गिअर ऑइल जुनं झालंय.

तसेच धायरीला दशरथच्या गॅरेजवर गेलो. (गॅरेज त्याच्या वडिलांच्या, गेनबांच्या वावरात आहे. आजूबाजूला आता सहा मजली सोसायट्या.) दशरथ म्हणाला, एक दिवस गाडी ठेवा, बघतो. बघतो म्हणजे काय? याला प्रोसेस म्हणत नाहीत. मी गिअर ऑइल बदलण्याची पद्धत विचारली. सोपं आहे म्हणाला. पण आधी भरायचा वरचा बोल्ट सुटतोय का बघा, मगच खालच्याला हात लावा, असं दोनदा सांगितलं. आमच्याकडे अकरा जण माझ्या हाताखाली काम करतात. मला दोनदा सांगावं लागत नाही.

संकल्प : गिअर ऑइल घरी, पार्किंगमध्ये, स्वहस्ते. १ मे. दीड तास.

कारण वेळ नाही. चैतालीची आरटीओची टेस्ट १० मेला. लर्निंग लायसन्स ११ ला संपतं. २४ मेपासून तिला हिंजवडीत नव्या कंपनीत रुजू व्हायचंय, सकाळी सात, आणि तिकडे आपल्या भागातून बस नाही. गाडी चालवता आली नाही तर नोकरी सोडावी लागेल, असं ती सरळ म्हणाली. म्हणजे सगळं माझ्यावर आहे.

रविवार, २५ एप्रिल

जुन्या बाजारात जाऊन हत्यारं आणली. पाने, हातोडा, छिन्नी, जॅक. पानेवाला विचारत होता, एमएमचे की इंचाचे? इंचाचे जड होते, घेतले. हातात धरल्यावर माणसाला आत्मविश्वास येतो.

दुपारी गाडी आतून झाडली. काथ्याच्या मॅट उन्हात वाळवून परत टाकल्या. जानेवारीत मीच रबरी मॅटवर या जाड मॅट टाकल्यात. गाडी दिवाणखान्यासारखी दिसते.

गुरुवार, २९ एप्रिल

ऑफिसच्या प्रिंटरवर इंटरनेटवरची त्रेचाळीस पानं छापून आणली. पान सहावर तेच, वरचा बोल्ट आधी. याला काही लॉजिक नाही. गच्चीवरची टाकी धुताना आपण आधी रिकामी करतो, की आधी भरायचा नळ सोडतो? पान सहा काढून टाकलं.

शनिवार, १ मे. महाराष्ट्र दिन

सकाळी ८.०० : सुरुवात. डावीकडचं पुढचं चाक काढलं. गाडी जॅकवर.

८.२० : चैताली खाली आली. काढलेलं चाक तिने आडवं करून गाडीखाली सरकवलं, माझ्या कुशीपाशी. का, तर पान तीनवर लिहिलंय. म्हणजे माझी पानं वाचते. जागा अडली, कोपर सारखं चाकाला लागत होतं. सांगून पाहिलं. हलवणार नाही म्हणाली.

९.०५ : खालचा बोल्ट सुटत नव्हता. पान्यावर लाथ घातली. सुटला! काळं तेल थेट बाहीत, बाहीतून काखेत. उरलेलं पोळ्यांच्या परातीत. तेल चांगलंच काळं होतं, म्हणजे निदान बरोबर.

९.१५ : आता फक्त वरचा बोल्ट.

१०.०० : वरचा बोल्ट.

११.३० : पाना निसटून तीन बोटांची सालं गेली. रक्त बरंच. बोल्ट जागचा हललेला नाही. गिअरबॉक्समध्ये थेंबभर तेल नाही, आणि भरायला वाट नाही.

१.०० : जेवण. परात वापरल्याबद्दल चैताली काही बोलली नाही. पोळ्याही केल्या नाहीत. भात जेवलो.

रविवार, २ मे

बोल्टचे कोपरे गोल झाले. पाने इंचाचे, बोल्ट एमएमचा. पानेवाल्याने स्पष्ट सांगायला हवं होतं.

मग जे झालं ते रागाच्या भरात नव्हे, नियोजनपूर्वक झालं. हातोड्याने पान्याला चौदा ठोके दिले. पंधरावा अंगठ्यावर बसला. पाना मी फक्त बाजूला ठेवायला फेकला. तो सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधर गोडसे यांच्या स्कूटरच्या हेडलाइटमधून आत गेला. गोडसे जिन्यातच होते, वर्तमानपत्र घेऊन.

ते अत्यंत सावकाश आले. म्हणाले, "रणपिसे, आपण गाडी दुरुस्त करताय की मारताय, एवढं फक्त सांगा. नोटीस त्याप्रमाणे लिहितो."

मी त्यांची कॉलर धरली. माझ्या हाताला तेल होतं, म्हणून कॉलर निसटली आणि त्यांच्या बंडीवर पाच काळी बोटं उमटली. मग त्यांनी माझी धरली. वयाच्या मानाने पकड चांगली आहे त्यांची. माझं डोकं मीटरच्या पेटीवर दोनदा आपटलं. एकदा त्यांनी, एकदा माझं मीच, मागे सरताना. चैतालीने आणि वॉचमनने सोडवलं. मी मोजून पाहिलं, टेंगळं तीन आहेत. तिसरं कुठून आलं कळत नाही.

संकल्प : यापुढे हत्यारं फेकायची नाहीत. माणसांना हात लावायचा नाही. नवा हेडलाइट गोडश्यांना स्वतः आणून द्यायचा.

सोमवार, ३ मे

बोर्डावर नोटीस. 'पार्किंगमध्ये वाहनांस मारहाण करू नये. केल्यास वाहनाची बाजू ऐकून घेतली जाईल.'

या माणसाला हेडलाइट अजिबात आणून देणार नाही.

मंगळवार, ४ मे. बुद्धपौर्णिमा

रजा घेतली. सकाळी विहारात. पांढरा शर्ट, अंगठ्याला पट्टी. पंचशील घेताना पहिल्याच शीलाला आवाज बसला. चैतालीने बाजूने पाहिलं, गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच हसली. मला एकदम वाईट वाटलं. मी रागीट माणूस नाही. परिस्थिती रागीट आहे. घरी येऊन खीर खाल्ली आणि मनाशी पक्कं ठरवलं : आजपासून मनात, बोलण्यात, हातात हिंसा नाही.

दुपारी १२.४० : नीट विचार केला. पहिलं शील प्राणिमात्रांबद्दल आहे. बोल्ट प्राणी नाही.

१.१५ : गाडी पुन्हा जॅकवर. चैतालीने पुन्हा चाक आणून माझ्याशेजारी घातलं. म्हटलं, अगं, या चाकाने माझा हातोडा पूर्ण फिरत नाही. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उन्हात उभी राहिली.

१.५० : सर्व शक्तीने घाव घातला. दुसरा. तिसरा. चौथ्याला जॅक तिरका झाला आणि गाडी खाली आली. सबंध गाडी! आवाज असा की गोडसे लुंगीवर बाहेर आले. गाडी त्या चाकावर टेकली, धूळ बसली, मी सरपटत बाहेर आलो. शर्टाचा खिसा पत्र्याला अडकून फाटला, एवढंच. चाकाच्या रिमला मात्र वीतभर पोचा आलाय. चांगलं चाक उगाच वाया गेलं.

बाहेर आल्या आल्या गाडीला एक लाथ मारली. त्यात उजव्या पायाचा अंगठा मोडला.

चैताली पार्किंगच्या कट्ट्यावर बसून राहिली. बोलावलं तरी उठली नाही. बहुधा ऊन लागलं असावं. मी सरबत करतो म्हणालो, पण अंगठ्यामुळे जमलं नाही.

गुरुवार, ६ मे

ऑफिसात सगळ्यांना वाटतंय अपघात झाला. मी नाही म्हणालो नाही.

चैताली संध्याकाळी दोन तास नव्हती. कुठे होतीस विचारलं तर म्हणाली, धायरी. दशरथने त्याची जुनी जीप दिली, आणि मागच्या प्लॉटिंगच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवतोय. जीप! पॉवर स्टिअरिंग नाही, काही नाही. अवघड गोष्टी अशा उलट्या क्रमाने शिकू नयेत. मी तिला लेखी मुद्दे काढून दिले. तिने ते पोचा पडलेल्या चाकाखाली ठेवले, गॅलरीत. गाडीला आता स्टेपनी लावलीय, ते चाक तिने गॅलरीत आणून ठेवलंय. कारण विचारलं नाही.

शनिवार, ८ मे

निर्णायक दिवस. छिन्नी.

११.१० : छिन्नी बोल्टच्या कडेला लावली. पहिला घाव नेमका. दुसरा नेमका. तिसऱ्याला छिन्नी घसरली आणि आतून आवाज आला, नारळ फुटल्यासारखा. गिअरबॉक्सला वीतभर चीर. बोल्ट मात्र शाबूत. त्या बोल्टचा मी इतका तिरस्कार करतो की आयुष्यात कोणत्याही नातेवाईकाचा केला नसेल. उरलेले सतरा घाव मी बोल्टसाठीच घातले. शेवटच्याला हातोड्याचं डोकं उडून गोडश्यांच्या कुंडीत पडलं. ते गॅलरीतून फक्त म्हणाले, तुळस होती.

संध्याकाळी चैतालीला सांगितलं, टेस्ट पुढे ढकलू. लर्निंग पुन्हा काढता येतं. नोकऱ्याही येतात.

ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "अनिरुद्ध, डिसेंबरात तू म्हणालास टायर बदलू, मग टेस्ट दे. जानेवारीत मॅट टाकल्यास. मार्चमध्ये बॅटरी. दर वेळी गाडीतच काहीतरी निघतं. मी सोमवारी जाणार आहे."

मला हे लागलं. मॅट तिच्यासाठीच टाकल्या होत्या, तिच्या चपलांना चिखल असतो म्हणून.

सोमवार, १० मे

ती दशरथच्या जीपमधून गेली. अंगठा मोडल्यामुळे मी घरीच. अकरा वाजेपर्यंत चार वेळा फोन केला. उचलला नाही. पाचव्यांदा दशरथने उचलला. म्हणाला, "ताई पास झाल्या की. इन्स्पेक्टर म्हनला, हात बसलाय."

परीक्षा फारच सोपी ठेवली असावी.

रविवार, १६ मे

लायसन्स काल आलं. आज गाडी धायरीला नेली, दोर बांधून, जीपमागे. जीप चैताली चालवणार, शेजारी दशरथ. मी म्हटलं, जीप मी घेतो. दशरथने मागच्या गाडीचं दार उघडून धरलं.

"साहेब, तुमी मागं बसा. निस्ता बिरेक. बाकी कशाला हात लावू नका."

कोथरूडपासून धायरीपर्यंत मी दोराच्या टोकाला होतो. काचा वर करून संपूर्ण रस्ताभर सूचना दिल्या. क्लच! आता सेकंड! इंडिकेटर! तिला अर्थातच काही ऐकू जात नव्हतं. तरी बरोबर चालवली. राजाराम पुलावर तर बस तिच्या अंगावर आली, तिने जीप आणि मला दोघांनाही सहज बाहेर काढलं. पुलावर घसा बसला, मग मी गप्प झालो.

गॅरेजवर दशरथ आधी बॉनेटकडे गेलाच नाही. ड्रायव्हरच्या बाजूला वाकला, काथ्याची मॅट ओढून काढली, मग रबरी काढली, आणि तळव्याने क्लच दाबला. पेडल पार खाली गेलं. यापूर्वी ते इतकं खाली गेलेलं मी पाहिलं नव्हतं. तेलाचं काही नव्हतं म्हणाला, तेल अजून वर्षभर चाललं असतं. चैताली तिथेच उभी होती. तिने एकदा मॅटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यापेक्षा ती तीन टेंगळं परवडली.

दशरथने मॅटची गुंडाळी माझ्या हातात दिली.

टीप : त्रेचाळीस पानांत मॅटचा उल्लेख कुठेही नाही.

सोमवार, २४ मे

सकाळी ६.२० : चैताली गाडी घेऊन गेली. (गिअरबॉक्स दशरथने बदलून दिला.) गॅलरीतून ऐकलं. पहिला, दुसरा, तिसरा. काहीही आवाज नाही. गल्लीच्या टोकाला वळली आणि गेली.

मॅट आता दाराबाहेर आहेत, पाय पुसायला. गोडश्यांनी जाता जाता पाय पुसले आणि छान आहेत म्हणाले. नवा हेडलाइट त्यांना दिला. तुळसही दिली.

८.०० : घरी एकटा. गॅलरीतलं चाक फुटपट्टीने मोजलं. आडवं, पोच्यासकट, सव्वापाच इंच. मग जमिनीवर पाठीवर झोपून स्वतःची छाती मोजली. नऊ. मी चाकाच्या कमानीखाली, अर्धा बाहेर होतो आणि तिथे पत्रा उंच असतो, हे धरलं. ते चाक नसतं तर गाडी कुठे थांबली असती, हे त्रेचाळीस पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलं. दोनदा काढलं. उत्तर तेच आलं. मग बराच वेळ जमिनीवरच पडून राहिलो. ऑफिसला उशीर झाला.

मी तिला अजून एकदाही काही म्हणालेलो नाही.

संकल्प : आज ती आली की खाली जायचं. आधी काहीही बोलायचं नाही. फक्त थँक्यू म्हणायचं. दोन मिनिटांचं काम.

संध्याकाळी ७.१० : ती आली. मी खालीच उभा होतो. म्हटलं, गाडी जरा तिरकी लावली आहेस.