खाच माझी, नक्कल त्यांची

३ जानेवारी
संकल्प : यंदा त्या मास्कवाल्या कंपनीला गुडघे टेकायला लावायचे. फिल्टर मास्कला घट्ट बसावा म्हणून रबरी रिंगला खाच पाडायची ही कल्पना माझी. पेटंट माझं. आणि कंपनी तसलाच फिल्टर राजरोस विकतेय! आज दावा ठोकला. वकील म्हणाले, बघू. म्हणजे जिंकलोच.

९ जानेवारी
बायकोचं फर्निचरला स्प्रेने लॅकर मारायचं वर्कशॉप आहे. तिथे मास्कला माझाच फिल्टर. म्हणते, वास आत येतो, डोकं धरतं. म्हटलं, तुझे गाल बसलेत, त्याला माझी खाच काय करणार? दोन दिवस अबोला. संशोधकाला शांतता लागतेच.

२ फेब्रुवारी
वकिलांनी विचारलं, कंपनीचा फिल्टर लावून पाहिलाय का? शत्रूचा माल मी तोंडाला लावत नाही, असं बाणेदारपणे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. घाम आला असावा.

१८ मार्च, सकाळी ७
आज कोर्टात चाचणी. मास्क एकच, आधी त्यांचा फिल्टर, मग माझा. डोक्यावर बुरख्यासारखं हूड, आत कडू फवारा. तोंड कडू झालं की गळती. चाचणीची मागणी माझी, चेहराही माझाच. वकिलांनी नको म्हणून हात जोडले. घाबरट माणूस.

संध्याकाळी ६
कंपनीच्या फिल्टरने काही म्हणजे काही कडू लागलं नाही. मी ओरडलोच, बघा, ही माझीच खाच!
मग माझा. पहिल्याच फवाऱ्याला जीभ कडूजहर. चेहरा हलू दिला नाही. म्हणालो, छे, काही नाही. मग असा ठसका लागला की थांबेना. न्यायाधीशांनी स्वतः पाणी मागवलं. आपल्या बाजूचे दिसतात.

५ एप्रिल
दावा फेटाळला. त्यांची खाच तिरकी, माझी सरळ. शिवाय त्यांची गळत नाही, माझी गळते, तेव्हा नक्कल कसली, असं म्हणे. अपील करणार! वरच्या कोर्टात फवारा नसतो.

७ एप्रिल
बायकोकडे कामाचा ढीग, म्हणून मदतीला गेलो. न सांगता. तिच्या मास्कला कंपनीचा फिल्टर. विचारलं, कधीपासून? म्हणाली, जानेवारीपासून. तू डोकावलास की झटकन तुझा बसवायचे. मग डोकं दुखलं तरी चालेल, तुला वाईट वाटायला नको.
मलाही तसाच एक मास्क दिला, पट्टे तिनेच ओढून दिले. दिवसभर लॅकर मारलं. वासाचा मागमूस नाही. फार लाज वाटली. अपील करत नाही.
काम संपल्यावरही मास्क काढला नाही. काढला असता तर तिला माझं तोंड दिसलं असतं.