झांजेची पट्टी

मलकापूर,
मंगळवार

प्रिय शिवा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे आणि तिचं बोलणंही होतं तसंच आहे. उसाच्या खोडव्याला पाणी वेळेवर मिळतंय. हे पत्र आज स्पीड पोस्टानं टाकतो, म्हणजे शुक्रवारपर्यंत पुण्यात तुझ्या हातात पडेल. रविवारी तू प्रांजलला घेऊन येणार, नातीनं माझ्यासमोर गाणं म्हणायचं आणि तिला क्लासला घालायचं की नाही ते मी सांगायचं, असं तू परवा फोनवर परस्पर ठरवून टाकलंस. आबा तोंडदेखलं बोलत नाहीत, ते म्हणतील तसं करू, असंही तू आईला म्हणालीस म्हणे. ती तेव्हापासून ते वाक्य मला जेवताना वाढतेय. रविवारच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी आणि ती मला फोनवर सांगता येणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी तुझ्या हेडफोनचं सांगतो. दिवाळीला तू पाठवलास, पण महिनाभर तो खोक्यातून बाहेर आला नाही. म्हातारपणी डोक्याला असलं काय लावायचं, असं माझं म्हणणं. शेवटी आईनंच तो माझ्या डोक्यावर चढवला. "आवं, तुमच्या बातम्या पार कराडपातूर ऐकू जात्यात. शेजारच्या बनुबाईनं तर आपला टीव्हीच बंद केलाय, तुमच्यावरच भागवती," असं म्हणाली. लावला, तर बातम्या देणारा माणूस कणगीत बसून बोलतोय असं वाटायला लागलं. नुसती घुमघुम. मी तुझ्याकडे तक्रार केली तेव्हा तू हसून सांगितलंस की जावईबापूंनी तो त्यांच्या आवडीनं लावून दिलाय, त्यांना ढोल छातीत वाजलेला लागतो. फोनमध्ये पट्ट्या आहेत, त्या सरकवून तुमच्या कानाला बरं वाटेल तसं करून घ्या. मी हो हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नव्हतं. मग आईनं तुला परत फोन लावून सगळं विचारलं आणि मला समजावलं.

त्या पट्ट्यांचा मला नाद लागला, शिवा. पाच उभ्या पट्ट्या. पहिली ढोलाची, पाचवी झांजेची, मधल्या तीन माणसांच्या बोलण्याच्या. त्यांच्याखाली एक आडवी, आवाज डाव्या कानाला जास्त द्यायचा की उजव्या, ते ठरवणारी. फौजेत तोफेचा नेम लावताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायचो, गोळा कुठे पडतो ते बघायचो, लिहून ठेवायचो आणि मगच दुसऱ्या गोष्टीला हात लावायचो. तसंच चालू केलं. रोज सकाळी चहा झाला की ओसरीत बसायचं, तीच ती बातम्यांची पाच मिनिटं लावायची आणि एक पट्टी एक घर सरकवायची. वही केली. ढोल दोन घरं खाली, बरं. ढोल तीन घरं खाली, बातमीवाला कणगीतून बाहेर आला. आई म्हणाली, "रिटायर झालासा, पर तोफ काय सुटली न्हाई तुमची." झांजेची पट्टी मात्र मी वर नेत राहिलो आणि ती शेवटपर्यंत गेली तरी मला काही टोचेना. आईला ऐकवलं तर तिनं हेडफोन उपटून काढला. तिच्या कानात सुया गेल्या म्हणाली.

फोनमध्ये कानाची एक परीक्षाही आहे. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी बसलो दबा धरून. बराच वेळ काही वाजेचना, मला वाटलं यंत्र बिघडलं. म्हणून तुझ्या आईला बसवलं, तर ती दोन-दोन सेकंदांनी बटण दाबत होती. शेवटी माझी आकृती आली. डाव्या कानाची रेघ थोडी सपाट जाऊन खंबाटकीच्या घाटासारखी उतरलेली, आणि उजव्या कानाची पहिल्यापासूनच दरीत.

मला नवल वाटलं नाही. हेच तुला सांगायचं आहे. मला ठाऊक होतं. नोकरीला लागून दहा वर्षं झाली तेव्हापासून कानात रातकिडे ओरडायचे. दरवर्षी मेडिकलला डॉक्टर मागे उभे राहून हळू आवाजात आकडे म्हणायचे आणि आपण ते परत म्हणायचे. समोर औषधांचं कपाट होतं, त्याच्या काचेत डॉक्टरांचे ओठ दिसायचे. मी ते वाचायचो. एकदाही चुकलो नाही. चुकलो असतो तर तब्येतीची कॅटेगरी खाली आली असती, तोफ सुटली असती आणि बढती अडली असती. मी सुभेदार म्हणून घरी आलो तो त्या काचेच्या जोरावर. फोनला काच नसते, म्हणून मी फोनवर नुसता हं हं करतो, आणि तुला वाटतं आबा घाईत आहेत.

आता भाऊसोमामाच्या कॅसेटकडे येतो. मागच्या महिन्यात आष्ट्याचं घर रंगवायला काढलं तेव्हा त्याला जुन्या कॅसेटी सापडल्या. त्यानं त्या फोनमध्ये भरून घेतल्या आणि त्यातली एक आपल्या ग्रुपवर टाकली, "शिवा, नववी" असं लिहून. तू खाली नुसता अंगठा दाखवलास. तुला आठवत असेलच. मी सुट्टीवर आलो होतो. तुला शाळेत गाणं शिकवणाऱ्या संयोगिताबाई घरी आल्या होत्या, म्हणाल्या पोरीच्या गळ्यात काही आहे, तिला मिरजेला गुरूंकडे पाठवा. भाऊसो त्याचा नवा टेप घेऊन आला होता. तू पेटी घेऊन सोप्यात बसलीस आणि एक अभंग म्हटलास. मी निकाल दिला. दुसऱ्या दिवशी तू पेटीला धुणं बांधायच्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलंस आणि परत कधी गायली नाहीस. प्रांजलच्या बारशाला बायकांनी पाळणा म्हण म्हणून किती आग्रह केला, तर तू म्हणालीस, "माझा आवाज घोगरा हाय, आमच्या आबांना इचारा." सगळ्या हसल्या. मीही हसलो. ते आठवलं की आता मला जेवण जात नाही.

कॅसेट मी पहिल्यांदा जावईबापूंच्या पट्ट्यांवर ऐकली होती. पेटी झकास, आणि तू घोंगडं पांघरून गातेयस असा आवाज. मनात म्हटलं, बघा, आपण काही चुकीचं बोललो नव्हतो. मग गेल्या गुरुवारी, वहीतल्या सगळ्या खुणा जमल्यावर, ढोल खाली, झांज पार वर, आवाज डाव्या कानाकडे, अशी ती परत लावली. शिवा, मी काय सांगू तुला. तो आवाज घोगरा नव्हता. स्वच्छ होता, धार असलेला, वर गेला की आणखी उजळणारा. माझ्या मुलीचा आवाज मी एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. ओसरीत बसून रडलो. आई आली, काय झालं म्हणाली, तर मी तिच्या डोक्याला हेडफोन लावला. ती म्हणाली, "ह्यात नवीन काय हाय? पोर अशीच गात हुती." म्हणजे सगळ्यांना ऐकू येत होतं.

चूक झाली एवढंच असतं तर फोन करून माफी मागितली असती. पण ती नुसती चूक नव्हती. त्या दिवशी मला एवढंच म्हणायचं होतं की माझा कान अधू आहे, बाई सांगतात तेच खरं. ते तोंडातून निघालं नाही. गावातली तीन पोरं माझ्याच युनिटमध्ये होती, सोप्यातली गोष्ट महिन्याभरात तोफेपर्यंत पोचली असती, आणि त्याच वर्षी माझी बढती होती. कानाचं झाकायला मी तुझ्या गळ्यात खोट काढली. आणि आबा खोटं बोलत नाहीत म्हणून सगळ्यांनी, तूही, ते खरं मानलं.

कॅसेट तू शेवटपर्यंत ऐकलीस का? गाणं संपल्यावर माझा आवाज आहे. "घोगरा हाय आवाज. दम न्हाई. उगं येळ घालवू नगं, अभ्यास कर." त्यानंतर थोडा वेळ नुसती खरखर आहे. आणि मग तू अगदी हळू म्हणतेस, "आबा, आजून एकदा म्हणू का?" ते मला त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं. पुढे माझी खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मी उठून गेलो होतो.

तर रविवारी प्रांजलचा निकाल माझ्याकडे मागू नकोस. तिला गावंसं वाटतंय ना, मग क्लासला घाल. जी कॅटेगरी मी उभ्या नोकरीत चुकवली ती आज स्वतःच्या हातानं लिहून देतो: सुभेदार लालासाहेब, कान दोन्ही, निकाल देण्यास अपात्र. कराडच्या कानाच्या डॉक्टरांची पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे, ते देतील ते मशीन घालीन. तुझी पेटी माळ्यावरून काढली, भाता फाटला होता, तो बदलून आणला. ती सोप्यात तुझ्या जागेवर ठेवली आहे आणि माझी खुर्ची फिरवून डावा कान त्या बाजूला केला आहे. म्हणायचं की नाही ते तूच ठरव, मी हट्ट करणार नाही. पण तू विचारलं होतंस आणि माझं उत्तर राहून गेलं होतं, तेवढं देण्यासाठी हे पत्र. व्हय शिवा, आजून एकदा म्हण.

तुझेच,
आबा