हॉलचा आवाज, हिचा निरोप

२ मार्च, संध्याकाळ

आजपासून रोज लिहायचं. ही गेल्यापासून एक दिवस दुसऱ्यासारखाच वाटतो. लिहिलं तर वेगळे राहतील.

महिनाअखेरपर्यंत एकच काम. सोसायटीच्या हॉलमधला स्पीकर बंद करायचा. सकाळ-संध्याकाळ व्यायामाचा क्लास, त्यानंतर कोणाचा तरी वाढदिवस. धप धप धप. भिंतीवर हात ठेवला तर हातालाही कळतं.

माझ्या फोनमध्ये हिचा निरोप आहे, बोलून पाठवलेला. ज्या दिवशी हॉस्पिटलात न्यावं लागलं त्या दिवशी सकाळचा. मी बाजारात होतो. त्यानंतर बोलणं झालंच नाही. निरोप अजून नीट ऐकलेला नाही. लावला की हिचा आवाज आहे एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. हॉलमुळे. हॉल गप्प झाला की खुर्चीत बसून शांतपणे ऐकणार.

लेकीला ऐकवायचा नाही. नवराबायकोतलं आहे.

४ मार्च

सेक्रेटरींकडे अर्ज दिला. हॉलमध्ये फक्त मीटिंगा व्हाव्यात, स्पीकर नको. सगळं आयुष्य छापखान्यात मशिनशेजारी काढलं, त्यामुळे आवाजाची मला सवय आहे. तरीही मला त्रास होतो, म्हणजे आवाज नक्कीच जास्त आहे, असा मुद्दा घातला. याला उत्तर नाही.

सेक्रेटरी काहीतरी बोलले. तोंडातल्या तोंडात बोलायची खोड आहे त्यांना. मी बरं म्हटलं.

७ मार्च

लेक येऊन गेली. म्हणे किती वेळ बेल वाजवत होते, शेवटी शेजारून किल्ली आणली. बेल बिघडली असणार. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बटण दाबून माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, काका, बेल चांगली आहे. हल्ली कोणाला काम करायला नको.

टीव्ही गेटपर्यंत ऐकू येतो, असंही लेक म्हणाली. आधी हॉलवाल्यांना सांगा, मग माझ्याकडे या.

कानांवरूनही काहीतरी बोलली. माझे कान ठणठणीत आहेत. लोक पुटपुटतात, त्याला मी काय करू? हिचं बोलणं मला कायम कळायचं. शेजाऱ्यांनाही कळायचं.

११ मार्च

उद्या मीटिंग. भाषण तयार आहे. आरशासमोर दोनदा केलं, मध्ये कुठे अडलो नाही. पहिल्या रांगेत बसायचं. मागे बसणारे चहासाठी आलेले असतात.

१२ मार्च, मीटिंगनंतर

मीटिंग उत्तम झाली.

पंख्यामुळे थोडं अस्पष्ट होतं, पण सेक्रेटरींनी कागद वाचला त्यात हॉल, स्पीकर, दहा असे शब्द आले. माझाच अर्ज वाचत होते. मग त्यांनी चष्मा काढला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, कोणाचा निरोप आहे का?

मला आश्चर्य वाटलं. यांना कोणी सांगितलं? लेकीलाही माहीत नाही. पण चारचौघांत विचारल्यावर खोटं कशाला बोलायचं. उभा राहिलो. म्हणालो, आहे, माझ्या बायकोचा आहे, शेवटचा. पण तो मी इथे सांगणार नाही.

एका बाईंनी डोळे पुसले. वरच्या मजल्यावरचे वकील माझ्याविरुद्ध बोलायला कागद घेऊन उठले होते, तेही खाली बसले. सेक्रेटरींनी घाईघाईने काहीतरी लिहिलं आणि मीटिंग संपवली. भाषणाची गरजच पडली नाही. चहा चांगला होता.

१३ मार्च

बोर्डावर नोटीस. हॉलमध्ये स्पीकरसह सर्व कार्यक्रमांना रात्री दहापर्यंत परवानगी. ठराव बिनविरोध मंजूर.

सेक्रेटरींना जिन्यात गाठलं. आज पहिल्यांदाच तोंड उघडून बोलले, इतके की वरची दोन दारं उघडली. म्हणाले, काका, मी विचारलं कोणाचा विरोध आहे का. विरोध. तुम्ही काकूंचं काढलंत. आता त्यावर कोण काय बोलणार? वकीलसाहेब तुमच्याच बाजूने बोलायला उठले होते, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं.

विरोध आणि निरोप. हॉलचा पंखा फार जुना झाला आहे. बदलावा म्हणून अर्ज देणार.

१६ मार्च

दुसऱ्यांवर विसंबून कामं होत नाहीत. आज स्वतः हॉलमध्ये गेलो, भांडायच्या तयारीने. क्लास चालू होता. क्लासच्या बाईंनी स्पीकर बंद केला, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश विचारलं, काय झालं काका? समजूतदार बाई. शब्द न् शब्द कळला.

मी म्हटलं, एक संध्याकाळ शांतता हवी आहे, घरगुती कामासाठी. त्यांनी बाकीच्यांना विचारलं. एक पोक्त बाई काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. बाईंनी मला परत सांगितलं, त्या म्हणतात एक का, चार घ्या, आमच्या गुडघ्यांनाही सुट्टी. रविवारी हॉल बंद ठेवणार.

ना अर्ज, ना ठराव. माझ्या बोलण्यात वजन आहे.

१९ मार्च, रविवार, संध्याकाळी

हॉलला कुलूप. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद केलं. धुतलेला शर्ट घातला. निरोप लावला.

शब्द कळत नाहीत.

पुन्हा लावला. कुठेतरी धप धप चालूच होती. लोक एक शब्द पाळत नाहीत. तावातावाने खाली गेलो. कुलूप तसंच. दाराला कान लावला, तरी धप धप. मागच्या बाजूला गेलो, रस्त्यापर्यंत गेलो. कोणी नाही.

घरी येऊन छातीवर हात ठेवला. तिथली होती. जिना चढल्यामुळे असेल.

निरोप पुन्हा लावला. फोनच खराब आहे.

२० मार्च

लेकीला बोलावून फोन दिला. म्हटलं बिघडलाय, बघ जरा. निरोपाचं सांगितलं नव्हतं, पण समोर तोच उघडा होता. तिने लावला. कानाला लावलाही नाही, हातातच धरला होता. मग खुर्चीत बसली आणि पुन्हा एकदा लावला.

म्हणाली, बाबा, फोन चांगला आहे.

विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं. तिने सांगितलं. रडत सांगितलं, त्यामुळे कळलं नाही. मी मान हलवली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, उठली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून दिलं.

अहो, ऐकलंत का. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, शनिवारची. या वेळी नाही म्हणू नका. मोठ्याने बोलायला मला आता दम पुरत नाही.

विचारलं, एवढंच आहे? एवढंच, म्हणून तिने मान हलवली.

तो शनिवार केव्हाच होऊन गेला. वेळ घेऊन आपण गेलो नाही, हे बरं दिसलं नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊन तेवढं सांगून येईन. लेक म्हणाली, मी बरोबर येते. तसंच म्हणाली असावी.