बायोडाट्यातली सायकल

१४ जुलै २०१८, शनिवार
नोकरी लागली. पद: कीड सर्वेक्षक. कंत्राटी आहे, पण ओळखपत्र आहे आणि त्यावरच्या फोटोत मी बरी दिसते.
काम सोपं. रोहिणखेडच्या शिवारात कामगंध सापळे लावायचे. त्यात गुलाबी बोंडअळीचे पतंग येऊन पडतात. ते रोज सकाळी मोजायचे, नऊच्या आत कृषी खात्याच्या आसिमसरांना व्हॉट्सअॅप करायचे आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर शेतकऱ्याच्या नावापुढे लिहायचे. सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन दिवस झालं की फवारणी करा म्हणून सांगायचं. मागच्या वर्षी कोणी मोजलं नाही. बीटी बियाणं आहे, अळी लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त होते, आणि बोंडं फोडली तर आत अळ्या. रुखमाआत्याने उभ्या कपाशीत गुरं सोडली होती. यंदा तिने पुन्हा तीन एकर कपाशीच लावली. मला म्हणाली, "तू सांगशील तवा फवारीन. तोवर हात नाई लावत."
जबाबदारी मोठी आहे. मी पेलणार.
संकल्प: १) रोज पाचला उठणे. २) माउंटन बाइक घेणे. जुन्या लेडीज सायकलच्या मडगार्डमध्ये काळी माती अशी भरते की चाकच फिरत नाही. मग ती मला नेत नाही, मी तिला नेते.

१७ जुलै, मंगळवार
मोताळ्याला शकूरभाईंच्या दुकानात गेले. भिंतीवर मापांचा तक्ता होता. S: चार फूट दहा ते पाच दोन. M: पाच तीन ते पाच सात. शकूरभाईंनी उंची विचारली. मी पाच तीन सांगितली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं आणि बायकोला हाक मारली. नूरबी शेजारीच ब्लाउज शिवते. ती टेप घेऊन आली. मला चपला काढायला लावल्या, भिंतीला उभं केलं, डोक्यावर वही ठेवली आणि म्हणाली, चार फूट साडेदहा.
टेप कापडी आणि जुनी. ओढून ओढून ताणलेली. ताणलेल्या टेपवर माणूस कमीच भरणार, हे साधं विज्ञान आहे. पण तिला कशाला दुखवा!
माझी उंची पाच फूट तीन इंच आहे हे माझ्या बायोडाट्यावर छापलेलं आहे. चार वर्षांपूर्वी दयाराममामाने टाइप करून, लॅमिनेट करून आणला. आई म्हणत होती पाच एक लिही. मामा म्हणाला, सगळेच दोन-चार इंच वाढवून लिहितात, मग आपलीच पोरगी काऊन बुटकी दिसावी? तो कागद पार डोणगावच्या स्थळापर्यंत जाऊन आलाय. आता लग्नाला एक उंची आणि सायकलला दुसरी, असं कसं चालेल? लोक काय म्हणतील?
M घेतली. लाल-काळी. टेस्ट राइडसुद्धा घेतली: दुकानाच्या पायरीवरून बसले, चक्कर मारली, पायरीपाशीच उतरले. काही अडचण नाही. नूरबीचं म्हणणं, सायकलवर दोन्हीकडे पाय सोडून उभं राहिलं तर आडव्या दांड्याच्या वर चार बोटं जागा राहिली पाहिजे, आणि तुझी बोटं तर ब्रेकलापण पुरत नाहीत. "वो छोटी निळी बाजूले ठेवते, हप्ताभर," म्हणाली. भली बाई आहे. पण शिवणकाम वेगळं आणि सायकल वेगळी.

२२ जुलै, रविवार
सराव केला. सीट पूर्ण खाली घेतली. डावीकडे झुकलं की अंगठा जमिनीला टेकतो. म्हणजे पाय टेकतो.
नवा संकल्प: रोज दहा मिनिटं दाराच्या चौकटीला लोंबकळणे. मणका मोकळा होतो आणि उंची वाढते, असं मोबाइलवर वाचलं. चौकटीला हात पोचत नाही, म्हणून स्टुलावर चढून लोंबकळले. आईने विचारलं, काय करून राह्यली? म्हटलं, व्यायाम.

१ ऑगस्ट, बुधवार
सापळे लावून झाले. हिरवे, खाली लांब पिशवी. आत्याच्या शेतात जास्त लक्ष ठेवा, असं आसिमसरांनी मुद्दाम सांगितलं. तिच्या बांधाला लागूनच कोणीतरी मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, रचून ठेवली आहेत, आणि अळी त्यातच दबा धरून बसते. मी वहीत लाल शाईने लिहिलं: आत्या, विशेष लक्ष.
सायकलचं तंत्र जमलं. फक्त बसायला आणि उतरायला काहीतरी उंच लागतं. त्याला मी 'पॉइंट' म्हणते. मारुतीचा पार, हापशीचा ओटा, जुन्या मशिदीजवळचा चौथरा, नाल्यावरच्या पुलाचा कठडा. रूट मॅप तयार केला. मॅनेजमेंट यालाच म्हणतात.

४ ऑगस्ट, शनिवार
मॅपमध्ये एक त्रुटी. पुलाच्या पुढे आत्याच्या शेतापर्यंत एकही पॉइंट नाही. सपाट काळी जमीन. आत्याने तीस वर्षं वेचून वेचून शेतात एक दगड ठेवलेला नाही. लोक कौतुक करतात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसलं नाही.
उतरताना पडले. ब्रेकपर्यंत बोटं गेली नाहीत. ओढणी, सलवार, ओळखपत्र, सगळं चिखलात. आत्या धावत आली. म्हणाली, "लागलं काय वं? कोन्या दुश्मनानं देली तुले हे घोडी?" मी म्हटलं, जमीन निसरडी आहे. परत जाताना पुलापर्यंत सायकल ढकलत नेली. कडूबा भेटला, म्हणाला, पंचर का? म्हटलं, हो.

७ ऑगस्ट, मंगळवार
पंचर.

८ ऑगस्ट, बुधवार
पंचर. आज चौघांनी विचारलं. माउंटन बाइक घेऊन पायी चालणाऱ्या बाईकडे लोक फारच बघतात. सर्वेक्षकाची काही प्रतिमा असते की नाही?

१० ऑगस्ट, शुक्रवार
विचार केला. आत्याचे दोन सापळे सोडले तर बाकी सगळे पॉइंटजवळ आहेत, आणि त्या सगळ्यांत दोन-तीन-चार असेच पतंग येतात. सरासरी तीन. पतंगांना काही शेताची हद्द कळत नाही. म्हणजे आत्याकडेही तीनच असणार. संख्याशास्त्रात याला मान्यता असावी.
बोर्डावर लिहिलं: रुखमाबाई, ३. अक्षर छान आलं.
उद्या प्रत्यक्ष जाऊन खात्री करणार.

११ ऑगस्ट, शनिवार
पाऊस. ३.

१२ ऑगस्ट, रविवार
पाऊस नाही, पण पडून गेल्यामुळे चिखल. ३.

१३ ऑगस्ट, सोमवार
शकूरभाई मोताळ्याहून घरी आले. माझ्या सायकलला रोज पंचर होते ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली, आणि दोन गिऱ्हाइकं टायर बघून परत गेली. त्यांनी ट्यूब बाहेर काढली, पाण्यात बुडवली. एक बुडबुडा आला नाही. मग सीटकडे बघितलं. पार खाली. चहा घेतला. जाताना आईला म्हणाले, "टायर मे कुछ नाई. ताईले सांगा, छोटी फ्रेम अजून हाय. बदलून देतो." आई माझ्याकडे बघायला लागली.
बदलली तर सगळ्या गावाला कारण कळणार. त्यापेक्षा लोंबकळण्याची वेळ वीस मिनिटं केली.

१५ ऑगस्ट, बुधवार
झेंडावंदन. सरपंचांनी बोर्डाचा उल्लेख केला, टाळ्या पडल्या. मी तिथेच उभी होते, पण मागच्यांना दिसले नाही.
नंतर आत्या बोर्डापाशी आली. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रोज तीनच कसे वं?" मी तिला नीट समजावलं. आत्या, हे शास्त्र आहे, अंदाजपंचे काम नाही. ती म्हणाली, हाव बाई, तू शिकेल हायेस. आणि प्रसादाचे पेढे घेऊन गेली.
कोणाला तरी सोप्या भाषेत विज्ञान समजावता आलं की समाधान वाटतं.

२० ऑगस्ट, सोमवार
आसिमसरांनी ग्रुपवर लिहिलं: करिष्मा मॅडमचे आकडे सर्वांत नियमित. अंगठ्याच्या सतरा खुणा. स्क्रीनशॉट काढून ठेवला.
आत्या: ३.

२७ ऑगस्ट, सोमवार
सकाळी आत्या घरी आली. पदरात कपाशीची फुलं होती. फुलं कसली, डोमकळ्या. आत अळी गेली की फूल उमलत नाही, मिटून गुलाबाच्या कळीसारखं होतं. ओट्यावर बसून तिने एकेक नखाने फोडली. दहातल्या सात कळ्यांत अळी. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, बोर्डावर तीनच होते ना?
सायकल तशीच ठेवली आणि तिच्याबरोबर चालत निघाले. पंचवीस मिनिटं लागली. एवढीच.
सापळ्याची पिशवी सोडली. काल संध्याकाळपासूनचे पतंग मोजले. चोवीस. पुन्हा मोजले. चोवीस. आत्या म्हणाली, ती रोजच पिशवी सोडून मोजत होती. एकोणीस, बावीस, एकदा तर सव्वीस. मी ओरडलेच, मग मला सांगितलं का नाहीस?
"इचारलं होतं ना, झेंड्याच्या दिवशी. तू म्हनली हे शास्त्र हाय. मले वाटलं, आपल्यालेच मोजता येत नाई."
मला रडू फुटलं. बसायला दगडही नव्हता, मातीतच बसले. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं काही माझंच शेत गेलंय.

२८ ऑगस्ट, मंगळवार
आसिमसरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, खरे आकडे पाठवता येत नसतील तर पाठवू नका. नोकरी राहील की नाही ते सप्टेंबरअखेर कळेल.
बोर्डावरचे सतरा दिवसांचे तीन माझ्या हाताने खोडले. गर्दी जमली होती. कडूबाने विचारलं, आज पंचर नाही का? म्हटलं, पंचर कधीच नव्हती.
आत्याने फवारणी सुरू केली. पहिली वेचणी गेलीच. पुढची बोंडं वाचतील का, ते दिवाळीला कळेल.

३ सप्टेंबर, सोमवार
सायकल घेऊन मोताळ्याला गेले. दुकानात शिरल्या शिरल्या सांगितलं: चार फूट साडेदहा. शकूरभाईंनी मान डोलावली. छोटी निळी मागच्याच आठवड्यात एक मास्तरीणबाई घेऊन गेल्या. आता माझ्या मापाची एकच उरली होती, जांभळी. दांड्यावर स्टिकर: वय १० ते १४ वर्षे. नूरबीने मला तिच्यावर उभं केलं. दोन्ही तळवे जमिनीवर. दांड्याच्या वर चार बोटं. ब्रेक मुठीत. स्टिकर काढायला गेले तर अर्धाच निघाला, '१४ वर्षे' राहिलं.

४ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी सात
आत्याच्या शेतात जाऊन आले. मध्ये तीनदा थांबले, तिन्ही वेळा आपली आपण पुन्हा बसले. आम्ही दोघींनी मिळून मोजले. मी एकवीस म्हटलं, आत्या बावीस म्हणाली. पुन्हा मोजले. बावीस. बोर्डावर बावीस लिहिलं. आत्या सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाली, "आता पाय टेकतात तुहे."
घरी येऊन बायोडाट्याचं लॅमिनेशन फाडलं. उंची खोडून चार फूट साडेदहा लिहिली. खाली लिहिलंय, वर्ण: गोरा. दोन महिने उन्हात फिरल्यावरचा हात कागदाशेजारी ठेवून पाहिला. तेवढं तसंच राहू दिलं.