शुद्ध रत्नागिरी हॅमस्टर

५ ऑक्टोबर
लेक पूर्वी हिच्या दहाव्या वाढदिवसाला हॅमस्टरची जोडी आणली. दुकानदार म्हणाला, सर, सख्खे भाऊबहीण आहेत, वेगळे ठेवा. मी हसलो. त्याच क्षणी 'शुद्ध रत्नागिरी हॅमस्टर' ही जात माझ्या डोक्यात जन्मली. नर सिद्धांत, मादी निष्ठा. एक मे रोजी प्रदर्शन आणि माझं व्याख्यान. कॉलनीचा हॉल आजच बुक केला.

६ ऑक्टोबर, सकाळी ७
दर्शना म्हणाली, अहो, भावाबहिणीची कसली जोडी लावताय? बायकोला हापूसचं उदाहरण दिलं. एका झाडाची हजार कलमं, सगळ्यांची चव एक. बाहेरचं रक्त म्हणजे भेसळ! चाळीस मिनिटं बोललो. ती म्हणाली, कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, लग्न नव्हे; हापूसची कोय लावून हापूस येतो का हो?
बाईला शास्त्र कळत नाही. तिचे वडील पावस गावच्या बागेत चाळीस वर्षं कलमं बांधतात, हा निव्वळ योगायोग.

२३ ऑक्टोबर
सहा पिल्लं! भेसळवाद्यांना सणसणीत चपराक. दर्शनाला तसं सांगितलं. ती भांडी घासत होती.

२ डिसेंबर
सहातली एक जोडी पुढच्या पिढीसाठी ठेवली. बाकी चार दुकानाला फुकट. प्रत्येकाबरोबर माझं छापील पत्रक. विचार पसरला पाहिजे.

६ जानेवारी
दुसरी पिढी. तीन पिल्लं. दर्शना म्हणाली, निम्मी झाली. संख्या घटली म्हणजे गुणवत्ता एकवटली, एवढं साधं आहे. एक पिल्लू स्वतःभोवतीच गोल फिरत राहतं. चिंतनशील असावं.

१९ जानेवारी
चिंतनशील गेलं. उरले एक भाऊ, एक बहीण. निसर्गही माझ्या बाजूने.

२० मार्च
तिसरी पिढी. पिल्लू एक.
पूर्वीने लगेच मालकी जाहीर केली. नाव ठेंगी. म्हणाली, बाबा, हिच्यावर भाषण नाही करायचं.

१२ एप्रिल
ठेंगी खात नाही. पूर्वीने जेवण सोडलं. नाइलाजाने डॉ. रितेशकडे. माझा जुना विद्यार्थी, आता प्राण्यांचा डॉक्टर. म्हणाला, सर, वरचे-खालचे दात जुळत नाहीत, वाकडे वाढतायत. नात्यात पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली की आईबापांतला एकच लपलेला दोष दोन्हीकडून पिल्लात उतरतो. मी हापूसचा दाखला काढला. तो म्हणाला, सर, शंका विचारायला तुम्हीच शिकवलंत, मग स्वतःला एक विचारायची होती.
दात कापले. दर पंधरवड्याला कापायचे, नाहीतर ठेंगी उपाशी मरेल. पूर्वी घरी येईपर्यंत रिक्षाबाहेर बघत बसली.

१८ एप्रिल
तत्त्व सोडलेलं नाही. फक्त विस्तारलं. ठेंगीच्या आईसाठी बाहेरचा नर लागेल असं रितेशचं मत. आमचं दुकान टाळून एसटीने थेट कोल्हापूर गाठलं. तिथला दुकानदार म्हणाला, हा एक नंबर माल आहे, साहेब.

१९ एप्रिल
पूर्वीने नव्या पिंजऱ्याच्या तळाचा कागद बदलायला काढला. माझंच पत्रक. खाली माझी सही. दुकानदाराला फोन केला. नर रत्नागिरीहून, आमच्याच दुकानातून आलेला. म्हणजे सिद्धांतचा मुलगा. ठेंगीच्या आईचा सख्खा मामा.
दर्शना म्हणाली, प्रसार चांगला झालाय हो तुमचा. आणि हसत सुटली. पूर्वी हसली नाही.

२५ एप्रिल
कॉलनीच्या सेक्रेटरी मनस्वीताईंनी हॉलबाहेर नवा बोर्ड लावला. विषय: हॅमस्टर पाळताना टाळायच्या चुका. वक्ते: डॉ. रितेश. मी म्हटलं, हॉल माझ्या नावावर बुक आहे, निदान प्रास्ताविक? त्या म्हणाल्या, सर, मागचं तुमचं प्रास्ताविक जेवणापर्यंत चाललं होतं.
तरी टिपणं काढली. अकरा पानं. ऐन वेळी जनता मागणी करतेच.

१ मे
हॉल भरलेला. रितेश सोपं बोलला. भाऊबहीण एकत्र ठेवू नका, जोडी लावण्याआधी दोघांचे आईबाप विचारा, दात दर आठवड्याला बघा. मग म्हणाला, सरांनी व्यासपीठावर यावं. टाळ्या. मी टिपणं काढून माइककडे वळलो. तो म्हणाला, सर, फक्त पिंजरा धरा.
पूर्वी शेजारी येऊन उभी राहिली. एकोणीस दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, बाबा, आवाज नको, ठेंगी दचकली की खायची थांबते.
वीस मिनिटं धरून उभा होतो. ठेंगीने सूर्यफुलाचं एक बी संपवलं, मग दुसरं घेतलं. माझ्या घशात खवखव सुरू झाली होती.
खाकरलो नाही.