पायरीवाल्याचा चष्मा

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. बाबा तुझ्याकडून सुखरूप पोचले. महिनाभर लेकीच्या हातचं खाऊन गालांवर तेज आलंय, आणि तिकडे चहा कसा वेळेवर मिळतो हे सुनेला ऐकवूनही झालंय. तू विणलेला स्वेटर मला पोटावर घट्ट होतो. चूक लोकरीची आहे, असं मी घरात जाहीर केलं आहे.

दुकान बरं चाललंय, पण डोक्याला एक भुंगा लागलाय. वाचायच्या तयार चष्म्यांचा जो ट्रे आहे, त्यातले चष्मे कमी होतायत. एकदम नाही, अधूनमधून एखादा, डबीसकट. बाबा तुझ्याकडे होते तेव्हा मी दुपारी दुकान बंद ठेवून जेवायला जात होतो, तेव्हा एकही गेला नाही. आता बाबा पुन्हा दुपारचे बसायला लागले आणि चष्मे पुन्हा जायला लागले. म्हणजे त्यांना डुलकी लागली की कुणीतरी हात मारतंय. माझा संशय पायरीवाल्यावर आहे. दुकानाच्या पायरीवर भीक मागत बसतो तो म्हातारा गं, तुझ्या लग्नाच्या आधीपासूनचा.

बाबांच्या काळात कुणीही यावं, डोळे चोळावेत आणि फुकट चष्मा घेऊन जावं. दुकान माझ्या हाती आल्यावर मी ते बंद केलं. दान करायचं तर रीतसर करावं. मी वर्षातून एकदा मोफत तपासणीचं शिबिर घेतो, फलक लावतो, फोटो काढतो. बाबा त्या दिवशी नेमके पोटदुखीनं घरी राहतात.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता राहू दे.

तुझा,
धाकटा


१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लोकर माझी, पोट तुझं. दोघांपैकी कोण वाढलं ते आरशाला विचार.

चष्मे जातायत हे वाचून वाईट वाटलं. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नकोस. चष्मेवाल्याला हे सांगावं लागतंय! चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. तो म्हातारा मी शाळेतून यायची तेव्हा माझं दप्तर सांभाळायचा. त्यातली साधी पेन्सिलसुद्धा कधी गेली नाही.

आणि हो, एक गोष्ट लिहायची राहूनच गेली. आमच्या स्वयंपाकवाल्या बाईंच्या आईला बाबांनी पिशवीतून चष्मा काढून दिला. विचारलं तर म्हणाले, धाकट्यानंच दोन-चार बरोबर दिलेत, कुणी गरजू भेटलं तर द्यायला. म्हातारी आता स्वतः सुईत दोरा ओवते आणि तुला आशीर्वाद देते. मी आजवर तुला कवडीचुंबक म्हणत आले, तो शब्द परत घेते. असं गुपचूप देणं मला तुझ्या त्या फलकापेक्षा फार आवडलं.

बाबांना जप. माझी आठवण येत नसली तरी काढत जा.

तुझी,
ताई


१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. चोर सापडला.

काल दुपारी मी जेवण आटोपून लवकर परतलो. पायरीवाला आपल्या गाठोड्यात काहीतरी घाईघाईनं खुपसत होता. डबीचा रंग मी लांबूनच ओळखला. गाठोडं सोड म्हटलं तर सोडेना, मग मीच पायानं उलटं केलं. चिंध्या, एक डबा, रद्दीतले पेपर आणि आपल्या दुकानाची डबी. चष्मा कुठून आणलास म्हटलं तर म्हणे, दिला कुणीतरी. कुणी दिला, तर सांगणार नाही. दिलेला असता तर लपवला कशाला असता? माझा आवाज चढला, माणसं जमली. शेजारच्या औषधवाल्यानं त्याला दोन थोबाडीत लगावल्या. मी लगावल्या नाहीत, पण त्याचा हातही धरला नाही. त्या गडबडीत चष्मा कुणाच्या तरी पायाखाली आला.

बाबा दुकानाच्या दारातच उभे होते. याला तुम्ही कधी ट्रेजवळ पाहिलं होतं का, असं मी त्यांना विचारलं. ते एक काच पुसत होते, ती पुसतच राहिले. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

पायरीवाला गाठोडं बांधून निघून गेला. जाताना चष्म्याची तुटकी दांडीसुद्धा वेचून घेतली. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, का कोण जाणे. चोर पकडल्यावर बरं वाटायला हवं होतं. बाबा रात्री जेवले नाहीत.

लवकर लिही.

तुझा,
धाकटा


१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं. मी बाबांबरोबर एकही चष्मा दिला नव्हता.

पत्र दोनदा वाचलं आणि काउंटरवर बाबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्या पत्रावरच ठेवून दिला. एक गिऱ्हाईक आलं, त्याचं काम मी केलं.

मला बाबांचा राग येतो, आणि तो पुरा यायच्या आत ते उलटं केलेलं गाठोडं आठवतं. पायरी रिकामी आहे. दुकानात शिरताना मी तिच्यावर पाय देत नाही, ओलांडून जातो. तोंड दाखवायला जागा उरली नाही गं.

धाकटा


२० जानेवारी

चि. सौ. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

धाकट्यानं लिहिलं असेलच. तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. चष्मे मीच नेत होतो.

उभा जन्म त्या ट्रेमध्ये हात घातला, कधी कुणाला विचारावं लागलं नाही. दुकान त्याच्या नावावर मीच करून दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण समोर कुणी कागद लांब धरून डोळे बारीक करायला लागलं की माझा हात राहत नसे. लेकाकडे मागायला हवं होतं. त्यानं दिलाही असता, थोडं बोलून. ते थोडं बोलणं मला नको होतं. मागायची लाज वाटली म्हणून चोरी केली. पायरीवाला दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात पसरतो, पण न विचारता त्यानं आपल्या माठातलं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही.

कुणाला सांगू नकोस, असं त्याला मीच बजावलं होतं. त्यानं मार खाल्ला, पण शब्द मोडला नाही. मी दारात उभा होतो. एवढंच बोलायचं होतं की चष्मा मी दिलाय. चारचौघांत लेक माझ्याकडे कसा बघेल, एवढाच विचार मनात आला. तेवढ्यात गर्दी पांगली. बोलेन बोलेन म्हणता दिवस गेले.

तो चष्मा का लपवायचा तेही मला ठाऊक होतं. चष्मा घातलेल्या भिकाऱ्याला कुणी काही देत नाही. म्हणून मागताना तो काढून ठेवायचा आणि माणसं कमी झाली की घालून रद्दीतला पेपर वाचायचा.

तुझ्याकडच्या म्हातारीचा चष्मा परत घेऊ नकोस. तिचा काही दोष नाही.

आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही, पण सवयीनं वर लिहून गेलो आहे. ते राहू दे.

तुझे,
बाबा


२४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबांनाही वाचून दाखव, गाळू नकोस.

तुम्हा दोघांचा मला राग आला होता. तो उतरला तेव्हा माझाच यायला लागला. बाबा महिनाभर माझ्याकडे होते. त्यांना औषध, दूध, धुतलेले कपडे, सगळं वेळेवर दिलं. कुणाला काही द्यावंसं वाटलं तर त्यांच्या हाताशी काय आहे, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. तू त्यांचं सगळं बघतोस, असं मी लोकांना कौतुकानं सांगत असते. आपण दोघांनी त्यांचं सगळं बघता बघता त्यांचा हातच रिकामा करून टाकला. याचा अर्थ त्यांनी गप्प बसावं असा नाही, बाबा. तुम्ही गप्प बसलात याची मला लाज वाटते, आणि हे तुम्हाला लिहावं लागतंय याचीही.

पायरीवाल्याला शोधा. दोघांनी मिळून जा. आणि माफी कोपऱ्यात नेऊन मागू नका. जिथे त्याला चोर म्हटलंत तिथेच, भर दुपारी मागा.

मायेत काही कमी झालेलं नाही, पण आज गोड लिहिता येत नाही.

ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पायरीवाला सापडला. मंडईच्या मागच्या फाटकापाशी, कुजक्या भाजीच्या ढिगाजवळ बसला होता. बाबांना त्यानं आवाजावरून ओळखलं. आपण कुणाला काही सांगितलं नाही, हेच तो पहिल्यांदा म्हणाला. बाबा खाली बसले ते मला धरून उठवावे लागले.

तो यायला तयार नव्हता. बाबा रोज जाऊन बसायचे, शेवटी परवा त्यांच्याबरोबर आला. दुपारी पायरीवर उभं राहून बाबांनी मोठ्यानं सांगितलं की चष्मा यानं चोरला नव्हता, मी दिला होता, आणि मी तो लेकाला न विचारता घेतला होता. त्यानंतर मी पायरीवाल्याचे पाय धरले. मारायला जमलेली गर्दी ऐकायला जमली नाही. तीन-चार माणसं थांबली. औषधवाल्याला नेमकं तेव्हाच आत काम निघालं.

मग त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि नंबर काढला. बाबांनी नुसत्या अंदाजानं दिलेला नंबर बरोबर होता, फरक नव्हता. चांगल्या फ्रेमचा चष्मा काढून पुढे केला, तर त्यानं हात मागे घेतला. मला वाटलं, राग आहे. पण त्याला बिल हवं होतं. बिल असेल तरच घेईन, आणि त्यावर पैसे मिळाले असं लिहा, म्हणाला. मी लिहिलं, सही केली, दुकानाचा शिक्का मारला. शिक्का नीट उमटलाय ना, हे त्यानं नव्या चष्म्यातून बघून घेतलं.

बाबांसाठी मी ट्रेमधले चष्मे वेगळे काढून दिलेत. विचारायचं नाही, सांगायचं नाही, असं म्हटलं. पण ते अजून त्यांना हात लावत नाहीत. विचारतात, हा देऊ का? मी हो म्हणतो, आणि प्रत्येक वेळी मान खाली जाते.

पायरीवाला पुन्हा पायरीवर बसतो, जरा कडेला सरकून. लपवला म्हणून मार बसला, तेव्हा आता तो चष्मा दिवसभर घालून असतो. त्यामुळे त्याला फारसं कुणी देत नाही. काल एक बाई थांबली आणि त्याच्या चष्म्याकडे बघायला लागली. ती काही बोलायच्या आत त्यानं खिशातलं बिल काढून तिच्यापुढे धरलं. तिला वाटलं, पैसे मागायचा काही कागद असेल. सुटे नाहीत म्हणाली आणि पुढे गेली. त्यानं बिल पुन्हा नीट घडी घालून खिशात ठेवलं. बाबा आणि मी, दोघंही काउंटरवर होतो.

स्वेटर घालतोय. लोभ असू दे, जमेल तेवढा.

तुझा,
धाकटा