हं, बरं, बघू

३ तारीख, सोमवार
नवीन नोकरी, नवीन घर, आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे नातेवाइकांपासून नऊ तासांचं अंतर! तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीसमोर एक भिंत. भिंत बोलत नाही, म्हणून आवडली. सकाळी इंटरनेटवाला फोन जोडून गेला. स्क्रू फिरवताना जीभ बाहेर काढणारा प्राणी. व्हॉइसमेलचं काय करायचं, हे त्यानं तीनदा विचारलं. बंद ठेवायचा, पाच रिंग झाल्यावर लावायचा, की फोन न वाजताच सगळे कॉल थेट त्यात टाकायचे? रेकॉर्डिंग ईमेलवर येईल म्हणाला. मी थेटचा पर्याय घेतला. माणसं बोलतात खंडीभर आणि सांगत काहीच नाहीत.

५ तारीख, बुधवार
सुरुवातीचा संदेश आपल्याच आवाजात भरायचा असतो. ‘कृपया निरोप ठेवा’ म्हटलं, की ताईचं रडगाणं सुरू होणार, सख्ख्या बहिणीच्या नशिबी मशीन म्हणून. मग मी डोकं चालवलं. गेली वीस वर्षं मी फोनवर तिच्याशी तीनच शब्द बोलतोय. तेच भरले, मध्ये ऐसपैस जागा सोडून. हं. बरं. बघू. स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यायलो.

७ तारीख, शुक्रवार
ताई अकरा मिनिटं मशीनशी बोलली. भावजींचा गुडघा, शेजारणीचं भांडण, आणि आईच्या हृदयाचं ऑपरेशन, चौदा तारखेला. आई म्हणतेय, त्याआधी एकदा त्याला बघू दे. समोर कोणी नाही, हे शेवटपर्यंत ताईच्या लक्षात आलं नाही. देव अक्कल वाटत होता तेव्हा ही बाई कुठे होती कोण जाणे. आणि आई तर दहा वर्षं ‘आता माझं काही खरं नाही’ म्हणतेय. जाईन नंतर कधीतरी.

१० तारीख, सोमवार
आजच्या रेकॉर्डिंगमध्ये ताई हुंदके देत होती. माझा आवाज म्हणाला, “रडू नकोस गं, मी आहे ना.”
हे मी भरलेलं नाही. असलं मी बोलतच नाही. इंटरनेटवाल्याला विचारलं, तर म्हणतो, साहेब, तपासलं, तुमच्या संदेशात तीनच शब्द आहेत. गाढव कुठला.

११ तारीख, मंगळवार
आज आई बोलली. चाळीस मिनिटं. मला लहानपणी ताप यायचा, तेव्हा ती उशाशी कशी बसायची, ते. मशीनमधला तो हसला. तीही हसली. तिचं हसणं मी विसरूनच गेलो होतो. शेवटी तिनं विचारलं, “येशील ना, सोन्या?”
“निघतोच आहे, आई.”
खोटारडा. पण आवाज माझाच.

१२ तारीख, बुधवार
व्हॉइसमेल बंद केला. फोनची तार उपटली. तरी ईमेल आला. त्यात ताई नाही, आई नाही. फक्त कपाट उघडल्याचा आवाज, बॅगेची चेन. उठून पाहिलं — बॅग नाही. निळा शर्ट नाही.

१३ तारीख, गुरुवार
ताईनं फोटो पाठवला. आईचा हात कोणाच्या तरी हातात. निळी बाही, माझं घड्याळ. खाली लिहिलंय, तू आलास आणि आई पोटभर जेवली.
मनगट पाहिलं. घड्याळ नाही. पट्ट्याचा वळसुद्धा —

१४ तारीख, शुक्रवार
ऑपरेशन दहाला. आता साडेनऊ. तार जोडून ताईला फोन लावला. सांगणार होतो, तो मी नाही, मी इथे आहे, आईला सांग — तोंडातून निघालं “हं”. जोर लावला. “बरं.” ताई घाबरली, कोणाला तरी म्हणाली, तुझ्याच घरचा नंबर आहे रे. पलीकडे माझा आवाज शांतपणे म्हणाला, “ठेवून दे, ताई. मशीन आहे ते.”
लिहिता येतंय अजून. आई, मी येणार होतो गं, खरंच, मी फक्त
हं
बरं
ब